पेटणारा बर्फ आणि बदलते भाडेकरू

बर्फाच्या खड्याला पेटती काडी लावली तर काय होईल? काडी विझेल! पण समुद्राच्या तळाखाली एक असा बर्फ सापडतो, की काडी लावताच तो भुरभुर पेटतो आणि जळून गेल्यावर खाली उरतं पाणी. थापा नाहीत हं, खरंच!

या बर्फाचं नाव मिथेन हायड्रेट. भरपूर थंडी आणि प्रचंड दाब असला, की पाण्याचे रेणू जोडले जाऊन पिंजरे तयार होतात आणि आत मिथेन वायूचा एकेक रेणू कोंडला जातो. छोटा पिंजरा पाण्याच्या 20 रेणूंचा, मोठा 24 रेणूंचा. दर आठ पिंजऱ्यांत दोन छोटे आणि सहा मोठे. मिथेन इतका दाटीवाटीनं भरलेला असतो, की 1 घनमीटर हायड्रेट वितळलं तर सुमारे 160 घनमीटर वायू बाहेर पडतो.

मग वितळवा आणि घ्या इंधन, असं वाटलं ना? इथेच गोची आहे. बर्फ वितळला की त्यानं धरून ठेवलेली वाळू सुटते. जपाननं 2013 मध्ये समुद्रात हा प्रयोग केला. विहिरीत वाळू शिरली आणि सहा दिवसांत काम थांबवावं लागलं.

म्हणून शास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती काढली. मोठ्या पिंजऱ्यात मिथेनपेक्षा कार्बन डायऑक्साइड जास्त घट्ट बसतो. तो खाली सोडला तर जुना भाडेकरू बाहेर, नवा आत आणि घर जागच्या जागी! शिवाय मिथेनचा एक रेणू जळला की कार्बन डायऑक्साइडचा एकच रेणू तयार होतो. म्हणजे हिशेब जवळजवळ फिटला. 2012 मध्ये अलास्कात हे करून पाहिलं. सोडलेला निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खालीच राहिला आणि मिथेन वर आला. मात्र सोबत नायट्रोजन मिसळावा लागला. नुसता कार्बन डायऑक्साइड सोडला असता, तर मोकळ्या पाण्याशी जमून त्याचंच हायड्रेट झालं असतं आणि वाट तुंबली असती.

या पिंजऱ्यांचं गणित मांडलं नेदरलँड्समध्ये. लायडनला रोझेबोम यांनी 1880च्या दशकात हायड्रेटांचा कसून अभ्यास केला. पुढे 1959 मध्ये अॅमस्टरडॅमच्या शेल प्रयोगशाळेतल्या व्हॅन डर वाल्स आणि प्लाटेऊ या जोडीनं कोणता वायू, किती थंडीत, किती दाबाखाली पिंजऱ्यात राहील, हे काढायची रीत दिली. (मोठ्या वर्गांच्या पुस्तकांत भेटणारे व्हॅन डर वाल्स ते वेगळे!) ती रीत आजही वापरात आहे.

गंमत म्हणजे डचांच्या, म्हणजे नेदरलँड्सच्या लोकांच्या, समुद्रात हायड्रेट नाही. तो फारच उथळ, दाब पुरत नाही. आपल्याकडेही 2006 मध्ये कोकण-केरळ किनाऱ्यापुढे खोल समुद्रात खोदलं, हाती काही लागलं नाही. घबाड सापडलं ते कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यापुढे.

तरी कार्बन डायऑक्साइड खाली साठवायच्या कामात डच गप्प बसले नाहीत. उत्तर समुद्राखाली त्यांची नैसर्गिक वायूची क्षेत्रं आहेत. के12-बी नावाच्या क्षेत्रातून वायूबरोबर कार्बन डायऑक्साइडही वर यायचा. 2004 पासून 2017 पर्यंत तो वेगळा काढून पुन्हा तिथेच, साडेतीन किलोमीटरहून खोल, सोडला गेला. आता पोर्थोस या प्रकल्पात रॉटरडॅम बंदरातल्या कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड नळानं सुमारे 20 किलोमीटर आत नेऊन रिकाम्या वायुक्षेत्रांत साठवायचा आहे. एकूण सुमारे 3 कोटी 70 लाख टन! पण रिकाम्या खडकात दाब कमी. तिथे शिरताच वायू फुगतो, गारठतो आणि आतल्या पाण्याशी मिळून हायड्रेट बनवू शकतो. म्हणजे खडकाची बारीक छिद्रं बंद! अलास्कात हवाहवासा असलेला बर्फ इथे नकोसा.

आता एक उद्योग. भिजवलेले 20 वाटाणे आणि 30 टूथपिक घ्या. प्रत्येक वाटाण्यात तीन काड्या टोचत पंचकोनाला पंचकोन जोडत जा. 12 पंचकोन झाले, की छोटा पिंजरा तयार. वाटाण्याच्या जागी पाण्याचा एकेक रेणू समजा. मिथेन म्हणून आत काय ठेवायचं, ते तुम्हीच ठरवा!