कट बसत नाही, म्हणजे लेझर गेला?

पत्रा आरपार कापला गेला नाही की सामायिक कार्यशाळेत पहिलं वाक्य ऐकू येतं, "लेझर गेला." लगेच नव्या सोर्सच्या किमती विचारल्या जातात. थोडं थांबावं. फायबर लेझरमध्ये दोष बहुतेक वेळा सोर्समध्ये नसतो, किरणाच्या वाटेत असतो. आधी हेडमधली संरक्षक काच काढून तिरप्या उजेडात धरा. महागड्या लेन्सच्या ऐवजी मार खायलाच ती बसवलेली असते. तिच्यावर वितळलेल्या धातूचा एक काळा ठिपका असला, तरी तो उष्णता शोषतो, काच तापते, फोकस सरकतो आणि कट अर्ध्यावर राहतो. लेन्स टिश्यू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सदऱ्याच्या टोकाने कधीच नाही. डाग उठला नाही तर काच बदला.

"पॉवर वाढवा, बसेल कट," हा दुसरा सल्ला. पण साधं पोलाद ऑक्सिजनवर कापताना लोखंड स्वतःच जळत असतं आणि कापायला लागणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा त्यातून येतो. 1967 मध्ये इंग्लंडमध्ये पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी 1 मिमी पोलादी पत्रा कापला तो अवघ्या 300 वॅटच्या लेझरने, सोबत ऑक्सिजनचा झोत देऊन. म्हणून गॅस आणि नोझल आधी तपासा. कटच्या एका बाजूला मळी आणि दुसरी बाजू स्वच्छ असेल, तर किरण नोझलच्या मध्यातून जात नाही. नोझलच्या तोंडावर चिकटपट्टी लावा, कमी पॉवरचा एकच पल्स सोडा. भोक वर्तुळाच्या मधोमध पडेपर्यंत हेडचे स्क्रू फिरवा.

सर्वात जास्त घोळ मापाचा होतो. 50 मिमीचा चौकोन 49.8 भरला की कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन मोटरचे स्टेप्स बदलतं, आणि तेव्हापासून सगळ्यांचीच कामं बिघडतात. किरण धातू खातो आणि फट पडते. त्या फटीची रुंदी मापातून जाणारच. ती चूक लांबीबरोबर वाढत नाही, स्टेप्सची वाढते. एकाच पत्र्यातून 50 आणि 200 मिमीचे चौकोन कापा, व्हर्नियरने मोजा आणि मोठ्या मापातून छोटं वजा करा. फटीची रुंदी दोन्हीकडे सारखीच असल्याने ती आपोआप उडून जाते. उत्तर 150 आलं, तर स्टेप्सना हात लावू नका. फटीची भरपाई सॉफ्टवेअरमध्ये द्या. 149.4 आलं, तर दोष अक्षात आहे. तो दोन्ही अक्षांवर वेगवेगळा मोजा. मग मोठ्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. बाजू बरोबर आणि कर्ण असमान असतील, तर मशीन गुण्यात नाही. ते स्टेप्सच्या कुठल्याही आकड्याने सुधारत नाही, पट्ट्या आणि गॅन्ट्रीच बसवावी लागते.

"अ‍ॅक्रिलिकच्या मशीनवर पत्राही कापू का?" असंही विचारलं जातं. ते मशीन बहुधा कार्बन डायऑक्साइड लेझरचं असतं. हा लेझर 1964 मध्ये बेल लॅब्जमध्ये शोधला तो बारामतीत जन्मलेल्या, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या कुमार पटेल यांनी. त्याच्या 10.6 मायक्रॉनच्या किरणाचा बहुतेक भाग धातू परत फेकतो. किलोवॅटची ताकद असेल तर कारखान्यात त्यावरही पोलाद कापलं जातं. 80 वॅटच्या ट्यूबला ते झेपत नाही. फायबर लेझरची तरंगलांबी सुमारे 1.07 मायक्रॉन, ती धातूत जास्त मुरते.

याच फरकामुळे माणसं आंधळी होऊ शकतात. 10.6 मायक्रॉनचा किरण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या झाकणात अडतो. त्यामुळे तेच झाकण फायबर मशीनलाही चालेल, असं वाटतं. चालत नाही. फायबरचा किरण अ‍ॅक्रिलिकमधून आणि डोळ्याच्या बाहुलीतून थेट पडद्यापर्यंत जातो. तो दिसतच नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. दुरुस्तीसाठी दाराचा सेफ्टी स्विच बांधून ठेवायचा मोह होतो. कृपा करून तो टाळा. लेझरसाठी संरक्षक चष्मा घेताना काचेचा रंग पाहू नका, दांडीवर छापलेली तरंगलांबी वाचा.