अर्ध्या किमतीची एसयूव्ही, पूर्ण किमतीचे सुटे भाग

नव्या मोठ्या महिंद्रा एसयूव्हीच्या पैशांत सात-आठ वर्षांची ऑडी क्यू७ पुण्या-मुंबईच्या बाजारात मिळू शकते. आजी-आजोबांसह सगळे प्रशस्त बसतील, घाट दमछाक न होता चढेल, गावाकडच्या पाणंदीतूनही गाडी निघेल, असा हिशेब त्यामागे असतो. हिशेब खोटा नाही. पण काही समजुतींपायी तो हमखास चुकतो.

गैरसमज : गाडी निम्म्या किमतीत आली, म्हणजे देखभालही निम्म्यात.

वस्तुस्थिती : घसारा गाडीला लागतो, सुट्या भागांना नाही. एअर सस्पेन्शनचा हवेचा फुगा जुन्या गाडीसाठीही आजच्याच भावाने येतो. हा फुगा रबराचा असतो. वय झालं की त्याला भेगा पडतात, हवा झिरपते आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही निकामी होतो. म्हणून गाडी बघायला सकाळी लवकर, विक्रेत्याने इंजिन सुरू करण्याआधी जावं. रात्रभर उभी असलेली गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर खर्च समोरच उभा आहे.

टायरचंही तसंच. चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या गाडीत टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले लागतात, नाहीतर ही ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. एक टायर फाटला की कधीकधी चारही बदलावे लागतात. खरेदीच्या वेळीच पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची रक्कम वेगळी काढून ठेवणं शहाणपणाचं.

गैरसमज : कमी किलोमीटर चाललेली गाडी नेहमीच चांगली.

वस्तुस्थिती : शहरात रोज चार-पाच किलोमीटर फिरलेली डिझेल गाडी महामार्गावर धावलेल्या गाडीपेक्षा जास्त आजारी असू शकते. अशा गाड्यांतला काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, साफ होण्यासाठी इंजिन बराच वेळ तापलेलं आणि वेगात चालतं राहावं लागतं. सिग्नल ते सिग्नल फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो.

शिवाय मीटर मागे फिरवता येतो. मात्र अनेक आलिशान गाड्यांत किलोमीटरची नोंद एकाहून जास्त कंट्रोल युनिटमध्ये असते. स्कॅनर लावल्यावर आकडे जुळले नाहीत की लबाडी उघडी पडते. टायरच्या कडेवरचे चार अंकही बोलके असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ‘पंधरा हजार किलोमीटरच चालली’ म्हणून दाखवलेल्या २०१६ च्या गाडीला २०१९ चे टायर असतील, तर ते एवढ्या लवकर का बदलले, हे विचारायलाच हवं.

गैरसमज : मागे फोर बाय फोरचा बिल्ला आहे, म्हणजे गाडी कुठूनही निघेल.

वस्तुस्थिती : एकाच लँड रोव्हर घराण्यातल्या दोन गाड्या पाहा. पाचव्या पिढीची डिस्कव्हरी कंपनीच्या म्हणण्यानुसार ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते. पहिल्या पिढीच्या इव्होकची मर्यादा ५०० मिलिमीटर, आणि तिला लो रेंज गिअरही नाही. लो रेंजमुळे चाकं अगदी सावकाश, पण मोठ्या जोराने फिरतात. खडकाळ चढाला हाच गिअर उपयोगी पडतो.

अर्थात घरच्यांसोबत कच्च्या रस्त्याने किल्ल्याच्या पायथ्याशी जायचं असेल, तर लो रेंजवाचून अडत नाही. तिथे अडचण येते ती टायरची. वीस-एकवीस इंचांच्या चाकांवरचे बुटके टायर टोकदार दगडाने कडेला फाटतात. रन-फ्लॅट टायर पंक्चरनंतर ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर नेतात, पण कड फाटली की त्यांचाही इलाज चालत नाही, आणि अशा गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते.

वाळूत तर सच्ची फोर बाय फोरही हरते. जून २०२४ मध्ये कच्छमधल्या मुंद्र्याच्या किनाऱ्यावर रीलसाठी समुद्रात घातलेल्या दोन महिंद्रा थार लाटांत अडकल्या आणि चालकांवर गुन्हे दाखल झाले. खारं पाणी लागलेल्या गाडीचा गंज पुढच्या मालकाच्या वाट्याला येतो. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालचा सांगाडा पाहावा आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का तेही तपासावं.

गैरसमज : महागडी, दणकट गाडी, घरचे सुरक्षितच.

वस्तुस्थिती : ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीज जीएलसी कठड्यावर आदळली. युरो एनसीएपीच्या चाचणीत पाच तारे मिळवलेलं हे मॉडेल. मागच्या आसनांवरचे उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता. जुनी गाडी घेताना मागचे सगळे बेल्ट घट्ट अडकतात का, मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे कडी-हूक शाबूत आहेत का, आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का, हे पाहायलाच हवं. दिवा लागतच नसेल, तर उघडलेली एअरबॅग न बदलता तो बंद केलेला असू शकतो.

गैरसमज : दिल्लीची गाडी म्हणजे निव्वळ फायदा, आणि जीएसटी अठरा टक्के पूर्ण किमतीवर.

वस्तुस्थिती : दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. अशा जुन्या गाड्या तिथे स्वस्त दिसतात त्या यामुळेही. महाराष्ट्रात आणताना मूळ आरटीओची एनओसी, इथला रस्ता कर आणि नवा नंबर, हे सगळं किमतीत धरावं लागतं. कर्जावर घेतलेली गाडी असेल, तर बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हवाच.

विक्रेता जीएसटी नोंदणीकृत असेल, तर १८ टक्के कर त्याच्या नफ्याच्या रकमेवर लागतो; घरगुती मालकाने थेट विकलेल्या गाडीवर तो लागत नाही. विमा मात्र विसरू नये. विक्रीनंतर चौदा दिवसांत तो आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे विमा नव्या मालकाच्या नावावर येताना त्या सवलतीच्या फरकाची रक्कम भरावी लागते.