आपल्या आडनावांची कुळकथा

खेड्यातल्या शाळेत गुरुजी हजेरी घेतात, तेव्हा पाटील, देशमुख, निंबाळकर, डफळे, मोरे, चव्हाण अशी आडनावे एकामागून एक येतात. मुले ‘हजर’ म्हणतात आणि गुरुजी पुढे जातात. पण या नावांमागे कुठे एखादे गाव असते, कुठे हुद्दा, तर कुठे बादशाही किताब. सातारा-सांगलीकडच्या जुन्या घराण्यांची आडनावे कशी पडली, ते आज पाहू या.

जुन्या काळी कूळ वेगळे आणि आडनाव वेगळे, हे आधी ध्यानात घ्यावे. कूळ बापाकडून येई. आडनाव मात्र माणूस कोठे राहिला, काय काम करू लागला, यावरून बदले. फलटणचे नाईक निंबाळकर घ्या. त्यांचे कूळ पवार. फलटणजवळच्या निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. ‘नाईक’ ही पदवी. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई याच घराण्यातल्या. जतच्या डफळ्यांचे कूळ चव्हाण. डफळापूरची पाटीलकी त्यांच्याकडे होती. आदिलशाहीत त्यांना जतची देशमुखी मिळाली, मोठेपणा आला, तरी नाव राहिले ते डफळापूरचेच.

दुसरा प्रकार हुद्द्यांचा. गावाचा कारभार पाहणारा पाटील, हिशेब लिहिणारा कुलकर्णी. अशा पुष्कळ गावांचा मिळून परगणा. त्याचा मुख्य तो देशमुख, आणि दप्तर सांभाळणारा देशपांडे. राजाराम महाराज जिंजीला असताना प्रतिनिधी हे नवे पद निघाले. पुढे ते किन्हईच्या परशुराम त्रिंबक कुलकर्णी यांच्याकडे आले आणि वंशपरंपरेने चालले. तेच औंधचे पंतप्रतिनिधी. म्हणजे पाहा, ‘कुलकर्णी’ हाही हुद्दाच. एक हुद्दा मागे पडला आणि दुसरा आडनाव होऊन बसला! शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे. त्यांच्या वंशजांना आपण चिटणीस म्हणूनच ओळखतो.

तिसरा प्रकार किताबांचा. जावळीच्या मोऱ्यांच्या घराण्यात ‘चंद्रराव’ हा किताब होता. गादीवर येणारा प्रत्येक पुरुष तो लावी. म्हणून चंद्रराव मोरे हा कोणी एकच माणूस नव्हे. 1656 साली महाराजांनी जावळी घेतली, ती त्या परंपरेतल्या एका चंद्ररावाकडून. माण तालुक्यातील मलवडीचे घाटगे ‘झुंझारराव’ म्हणवीत.

सगळ्यांनीच नाव बदलले असे मात्र नाही. सांगली-मिरजेचे पटवर्धन कोकणातून आले, पेशवाईत सरदार झाले, पण आडनाव पटवर्धनच ठेवले. शाखा वाढल्या तेव्हा ओळखीसाठी लोक सांगलीकर, मिरजकर, कुरुंदवाडकर असे म्हणू लागले, इतकेच.

आता कोणी विचारील, हे सारे खरे कशावरून? घोरपडे घराण्याच्या पूर्वजाने घोरपडीला दोर बांधून किल्ला सर केला, अशी कथा आहे. कथा गोड आहे. पण कथा म्हणजे पुरावा नव्हे. वतनाचा तंटा पडला की प्रत्येक पक्ष आपल्या घराण्याची हकीकत लिहून देई. तिला करिना म्हणत. जो वतन मागतो, तो आपले मूळ मोठेच सांगणार! म्हणून असा कागद वाचताना तो कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला, हे आधी पाहावे.

तंट्याचा निवाडा गोतसभेत होई. त्याच्या कागदाला महजर म्हणत. गावचे पाटील, शेटे, बलुतेदार त्यावर साक्ष घालीत. ज्याला अक्षर येत नसे तो निशाणी काढी: कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. मोठ्या वतनदाराचे वतन खरे ठरायचे ते या नांगराच्या आणि आरशाच्या साक्षीने. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात.

आणि म्हणूनच आडनावावरून कोणाचे उच्चनीचपण ठरवू नये. पवार, मोरे, जाधव, चव्हाण, शिंदे ही नावे अनेक जातींत सापडतात. पाटील आणि देशमुख तर मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत आहेत आणि मुसलमानांतही आहेत. परगणा आणि कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली. पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली. हुद्दा संपला, आडनाव तेवढे उरले. ते मिरवण्यासाठी नाही, समजून घेण्यासाठी आहे.

शिक्षक मंडळींना एक विनंती. वर्गातल्या मुलांना आपापल्या आडनावाची हकीकत घरच्या वडीलधाऱ्यांकडून लिहून आणायला सांगा. कोणते नाव गावाचे, कोणते हुद्द्याचे, ते फळ्यावर मांडा. आणि ज्यांच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील त्यांनी ते वाळवीला किंवा रद्दीवाल्याला देऊ नयेत. कोरड्या जागी ठेवावेत, मोडी जाणणाऱ्याला दाखवावेत. त्या कागदांत एका घराण्याचाच नव्हे, साऱ्या गावाचा इतिहास असतो. एखाद्या कोपऱ्यात आपल्याच पणजोबांच्या पणजोबांनी काढलेला नांगरही सापडेल.