कोपऱ्यावर वळणारी गाठ

केल्टिक गुंफणीची चौकट कसबी हाताची आहे की नाही, हे तिच्या कोपऱ्यात कळतं. सरळ पट्टीवर दोर एकदा वरून, एकदा खालून नेणं सोपं. काटकोनात वळतानाही तो क्रम मोडता कामा नये.

7व्या-8व्या शतकांतल्या आयरिश आणि नॉर्थम्ब्रियन हस्तलिखितांत मठवासी चित्रकारांनी दोन वाटा चोखाळल्या. कुठे दोर कोपऱ्यातून वळवला, कुठे वेगळे कप्पे पाडून प्रश्नच टाळला. त्यांपैकी 'बुक ऑफ डरो'चं पान जेमतेम 25 सेंटिमीटर उंच. एवढ्याशा जागेत हा खेळ चालला होता. (खरं तर गुंफण मूळची केल्टिक नव्हेच, ती भूमध्य आणि जर्मानिक प्रदेशांतून आली. केल्टांची खास ओळख म्हणजे चक्राकार वळसे.)

पुढे कित्येक शतकं हे काम मागे पडलं. 1850 साली आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ 'तारा ब्रूच' हा जुना केल्टिक दागिना सापडला, 1856 मध्ये ओवेन जोन्सच्या नक्षीसंग्रहात केल्टिक पानं छापली गेली आणि नमुने कारखान्यांच्या हाती आले. इथेच घोळ झाला. साच्यातून वारच्या वार निघणारी पट्टी 45 अंशांत कापून जोडली की कोपऱ्यात दोर सहसा तुटतो.

आर्चिबाल्ड नॉक्सच्या चौकटी म्हणूनच डोळ्यांत भरतात. नॉक्स मॅन बेटावरचा. तिथले जुने कोरीव दगडी क्रूस त्याने लहानपणापासून पाहिलेले. लंडनच्या लिबर्टी कंपनीने 1899 मध्ये 'किम्रिक' नावाची चांदीची मालिका काढली, तिच्यासाठी त्याने फोटोफ्रेमही आखल्या. चांदीच्या पत्र्यावर उठाव, मध्येच निळ्या-हिरव्या मिन्याचा तुकडा. नक्षी चौकटभर पसरलेली नाही. बराचसा पत्रा मोकळा सोडलेला. गाठ आहे तिथेच नजर थांबते. लिबर्टी आपल्या नक्षीकारांची नावं जाहीर करत नसे, त्यामुळे गिऱ्हाइकाला त्याचं नाव कळण्याचा प्रश्नच नव्हता.

गाठीच्या रचनेची उकल मात्र अभ्यासकांनी केली. रोमिली ॲलनने 1904 मध्ये दाखवलं की साधी वेणी ठरावीक जागी तोडून पुन्हा जोडली की गाठ तयार होते. स्कॉटिश चित्रकला-शिक्षक जॉर्ज बेनने 1951 च्या पुस्तकात रचनेच्या पायऱ्याच सांगितल्या: आधी जाळी, मग तिरक्या रेषा, शेवटी वर-खाली. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला यात फारसं नवल वाटणार नाही. आता लेझरने अखंड चौकट कापता येते, कोपऱ्याची अडचण उरलेली नाही. तरी तयार पट्टी स्वस्त पडते आणि दुकानात तीच जास्त दिसते.