देश सुटला, भाषा सुटली नाहीं

परागंदा झालेल्या समाजाचा विचार करतांना सामान्यतः लक्ष जातें तें त्यानें काय गमावलें याकडे. घर गेलें, शेत गेलें, पूर्वजांचीं थडगीं दूर राहिलीं, हें दुःख कोणालाहि समजण्यासारखें आहे. परंतु अशा समाजानें बरोबर काय नेलें, हा प्रश्न अधिक बोधप्रद आहे. ज्यू लोकांच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर अनेकदां मोठें चमत्कारिक मिळतें. यरुशलेमची आठवण तर त्यांनीं सर्वत्र नेलीच. तिच्यासाठीं प्रार्थना होत्या, उपवास होते, सण होते. पण त्या प्राचीन आठवणीबरोबर, ज्या देशानें त्यांना नुकतेंच घालवून दिलें त्या देशाची बोलीहि त्यांनीं उचलून नेली आणि परक्या मुलखांत शतकानुशतकें चालविली. याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे स्पेनमधून निघालेले ज्यू आणि त्यांचें सालोनिका शहर.

इ. स. १४९२ च्या जानेवारींत ग्रानादा हें स्पेनमधील शेवटचें मुसलमानी राज्य पडलें. त्याच वर्षीं ३१ मार्च रोजीं राजा फेर्दिनांद व राणी इसाबेल यांनीं हुकूम काढला कीं, ज्यूंनीं जुलैअखेर देश सोडावा. बाप्तिस्मा घेईल त्यालाच काय तें राहतां येईल, असा त्याचा सरळ अर्थ होता. रोमन अमदानीपासून हा समाज त्या भूमींत नांदत होता. मायमोनिडीझसारखा थोर तत्त्ववेत्ता बाराव्या शतकांत कोर्दोबा येथें त्यांतच जन्मला होता. आतां चार महिन्यांत हें सर्व आवरावयाचें होतें. जंगम माल नेण्यास मोकळीक होती, पण सोनें, चांदी आणि नाणें नेण्यास बंदी होती. म्हणजे घर विकावें तर त्याचे पैसे बरोबर नेतां येत नाहींत, अशी ही सवलत! त्याच उन्हाळ्यांत, ३ ऑगस्ट रोजीं, कोलंबसाचीं तीन गलबतें नव्या जगाच्या वाटेला लागलीं. पुष्कळ ज्यू शेजारच्या पोर्तुगालांत गेले. परंतु १४९७ सालीं तेथेंहि त्यांच्यावर सक्तीचें धर्मांतर लादण्यांत आलें.

उरलेल्यांपैकीं अनेकांना आसरा मिळाला तो तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यांत. दुसऱ्या बायजीद सुलतानानें या निर्वासितांना आपल्या मुलखांत येऊं दिलें. त्यांत औदार्य असेलच, पण व्यवहारहि होता. हे लोक विणकर होते, वैद्य होते, व्यापारी होते, मुद्रक होते. आणि साम्राज्यांतील कित्येक शहरांना वस्तीची गरज होती. एजियन समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील सालोनिका हें बंदर त्यांपैकींच एक. तुर्कांनीं तें १४३० सालीं जिंकलें होतें, आणि पुढें इस्तंबूल वसविण्यासाठीं तेथील जुनी ज्यू वस्ती हलविण्यांत आली होती. त्या रिकाम्या जागेंत स्पेनचे लोक येऊन बसले, आणि थोड्याच काळांत त्या शहरांत ज्यूंची संख्या इतर कोणत्याहि एका समाजाहून अधिक झाली.

हे लोक एक समाज म्हणून आले नव्हते. ते गांवोगांवचे, प्रांतोप्रांतींचे होते. त्यांनीं जीं प्रार्थनामंदिरें बांधलीं त्यांचीं नांवेंच पाहावींत: कास्तिया, अरागॉन, कातालान, मायोर्का, सिसिली, लिस्बन. हा जणूं मागें टाकलेल्या देशांचा नकाशाच होता. प्रत्येक मंदिराची मंडळी निराळी, दानधर्म निराळा, भांडणेंहि निराळीं. लोकर विणण्याचा धंदा त्यांनीं तेथें भरभराटीस आणला आणि सुलतानाच्या जॅनिसरी पायदळाच्या गणवेषाचें कापड ते पुरवूं लागले. बंदरावरचे हमाल, होडीवाले, कोळी यांतहि ज्यूंचाच भरणा होता. त्यामुळें आठवड्यांतून एक दिवस, म्हणजे शनिवारीं, त्यांच्या शब्बाथाच्या विश्रांतीसाठीं सारें बंदर बंद राही. तुर्की साम्राज्यांतील मोठें बंदर ज्यूंच्या पंचांगानें चालावें, हें दृश्य इतरत्र सहसा दिसलें नसतें.

या शहरांत घरोघर, बाजारांत आणि धक्क्यावर जी भाषा बोलली जाई ती स्पॅनिश होती. मात्र ती पंधराव्या शतकांतली स्पॅनिश. तिला लादिनो किंवा ज्युदेओ-स्पॅनिश म्हणतात. स्पेनमध्यें पुढें उच्चार बदलत गेले. सालोनिकांत जुने उच्चार तसेच राहिले. पक्ष्याला आजचा स्पॅनिश माणूस 'पाखारो' म्हणतो, लादिनोंत 'पाशारो' म्हणतात. कांहीं शब्दांत धर्माचा कटाक्षहि दिसतो. रविवाराला स्पॅनिश शब्द 'दोमिंगो', म्हणजे प्रभूचा वार. तो ख्रिस्ती प्रभु असल्यानें ज्यूंनीं तो शब्द टाळला व अरबीवरून आलेला 'आल्हाद', म्हणजे पहिला वार, हा शब्द ठेवला. देवाला स्पॅनिशमध्यें 'दिओस' म्हणतात. ज्यू मात्र 'दिओ' म्हणत. शेवटचा 'स' अनेकवचनासारखा वाटतो आणि देव तर एकच, अशी त्याची उपपत्ति सांगतात. पुढें तुर्की, ग्रीक, इटालियन शब्द या भाषेंत मिसळले. हिब्रू तर आरंभापासून होतेच.

घालवून देणाऱ्यांची भाषा या लोकांनीं इतकी कां जपली? केवळ प्रेमानें, असें उत्तर देण्याचा मोह होतो; परंतु भाषा नुसत्या प्रेमानें चारशें वर्षें टिकत नाहीं. तिला कांहीं आधार लागतो. पहिला आधार संख्येचा. शहरांत आपलेच लोक अधिक असल्यानें ही भाषा सोडण्याची निकड नव्हती. उलट इतरांनाच बाजारापुरती ती शिकावी लागे. दुसरा आधार राज्यव्यवस्थेचा. उस्मानी राजवटींत प्रत्येक धर्मसमाजाला आपलीं न्यायालयें, शाळा व धर्मादाय संस्था चालविण्याची मुभा होती. सर्वांनीं एकच भाषा बोलावी असा सरकारचा आग्रह नव्हता. तिसरा आधार लिपीचा. लादिनो हिब्रू अक्षरांत लिहिली जाई. त्यामुळें धर्मग्रंथासाठीं अक्षरओळख झालेल्या मुलाला मातृभाषा वाचण्यास निराळी लिपि शिकावी लागत नसे, आणि स्पेनमध्यें छापलेल्या पुस्तकांचा संसर्गहि तिला होत नसे.

चौथा आधार घराचा, आणि तो सर्वांत बळकट. धर्मशास्त्राची हिब्रू पुरुषांच्या अभ्यासांत राहिली. पाळण्याची, चुलीची आणि लग्नघरची भाषा बायकांच्या हातीं होती. स्पेनच्या राजेरजवाड्यांचे जुने पोवाडे, ज्यांना 'रोमान्से' म्हणतात, ते या बायका अंगाईसाठीं व लग्नांत म्हणत. विसाव्या शतकांत रामोन मेनेंदेस पिदाल या स्पॅनिश पंडितानें अशीं शेंकडों गीतें जमविलीं, तेव्हां आपल्या देशांत विसरलेलीं कांहीं गाणीं त्याला हद्दपार झालेल्यांच्या वंशजांकडे सांपडलीं. स्वयंपाकाचेंहि तेंच. शब्बाथाच्या दिवशीं विस्तव पेटवितां येत नाहीं, म्हणून शुक्रवारीं सायंकाळींच अंडीं कांद्याच्या सालींबरोबर मंद आंचेवर ठेवीत. रात्रभर शिजून तीं तपकिरी रंगाचीं होत, आणि शनिवारीं सकाळीं पानावर येत.

या भाषेंत वाङ्मयहि झालें. इस्तंबूल येथें १७३० सालीं याकोव हुली या पंडितानें 'मेआम लोएझ' या ग्रंथाचा आरंभ केला. सामान्य माणसाला हिब्रू कळेनासें झालें होतें, म्हणून बायबलाचें विवरण त्यानें लादिनोंत लिहिलें. ग्रंथाच्या नांवाचा अर्थ 'परकी भाषा बोलणाऱ्या लोकांतून' असा आहे. ज्या भाषेला शास्त्री परकी म्हणत, तीच लोकांना धर्म समजावून देण्यासाठीं उपयोगी पडली, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पुढें १८७५ सालीं सालोनिकांत 'ला एपोका' हें वृत्तपत्र निघालें.

वर सांगितलेले आधार जसजसे सुटत गेले तसतशी भाषा खचत गेली. पॅरिसच्या 'आलियांस' या ज्यू संस्थेनें १८७३ सालीं सालोनिकांत शाळा काढली. तिनें मुलांना नवें शिक्षण दिलें, परंतु तें फ्रेंचमधून. त्यामुळें सुशिक्षितांना घरची बोली गांवढळ वाटूं लागली. १९१२ सालीं शहर ग्रीसकडे गेलें. पुढील वर्षाच्या शिरगणतींत सुमारें १,५८,००० वस्तींत ६१,००० ज्यू होते. १९१७ च्या ऑगस्टांत लागलेल्या आगींत ज्यू वस्ती होरपळली; तीसहून अधिक प्रार्थनामंदिरें जळालीं आणि सुमारें ५०,००० ज्यू बेघर झाले. आशिया मायनरमधून हजारों ग्रीक निर्वासित येऊन शहराचें स्वरूप पालटलें, आणि १९२४ सालीं रविवारची सुटी सक्तीची झाल्यावर बंदराचा शनिवारहि गेला.

तरीहि समाज जिवंत होता. त्याचा अंत भाषेच्या खचण्यानें झाला नाहीं. तो माणसांनीं घडवून आणला. जर्मन सैन्य १९४१ च्या एप्रिलांत शहरांत आलें. १९४२ च्या अखेरीस तेथील अफाट ज्यू स्मशानभूमि उखडण्यांत आली. आज त्या जागीं विद्यापीठ उभें आहे. १५ मार्च १९४३ रोजीं पहिली आगगाडी आउश्वित्झकडे निघाली. ऑगस्टपर्यंत ४५,००० हून अधिक माणसें अशीं नेण्यांत आलीं, आणि त्यांतील बहुतेकांना तेथें पोंचतांच ठार करण्यांत आलें. युद्धानंतर शहरांत सुमारें २,००० ज्यू उरले. १४९२ च्या हुकुमानें या लोकांचा देश गेला, पण भाषा वांचली. १९४३ सालीं भाषा बोलणारेच उरले नाहींत.

स्पेननें २०१५ सालीं कायदा करून या हद्दपारांच्या वंशजांना नागरिकत्व देऊं केलें. अर्ज घेण्याची मुदत २०१९ सालीं संपली. इस्रायलमध्यें १९९७ पासून लादिनोच्या जतनासाठीं सरकारी संस्था आहे. पण ही भाषा आज मुख्यतः वृद्धांच्या तोंडीं आहे.

महाराष्ट्राला ही कथा अगदींच परकी नाहीं. कोंकणांतील बेने इस्रायल लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी, आडनांवें पेणकर, रोहेकर, दिवेकर अशीं गांवांवरून पडलेलीं. वल्हांडणाच्या रात्रीं वाचण्याची 'हग्गादा' १८४६ सालीं मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि बायबलांतील कथांवर मराठींत कीर्तनेंहि झालीं. त्यांना येथून कोणीं घालविलें नाहीं. इस्रायल राष्ट्र १९४८ सालीं झाल्यावर त्यांतील बहुतेक आपखुषीनें तिकडे गेले. तेथें मात्र त्यांच्या ज्यूपणाविषयींच शंका काढण्यांत आली. मोठी चळवळ झाल्यावर १९६४ सालीं तेथील संसदेनें त्यांचा समान दर्जा स्पष्टपणें मान्य केला. त्यांना आपलें ज्यूपण पुण्यभूमींत सिद्ध करावें लागलें, आणि तेवढ्या अवधींत त्यांना जवळची वाटली ती मराठीच. 'मायबोली' या नांवाचें मराठी नियतकालिकहि त्यांनीं तेथें काढलें. एलियाहू हनाबीच्या नांवानें पोहे, ओलें खोबरें आणि गूळ-साखर घालून होणारा मलिदा आजहि त्यांच्या घरीं होतो.

मात्र सालोनिकाला जे आधार होते ते या मराठीला तेथें नाहींत. संख्या थोडी, शाळा हिब्रू, नोकरी हिब्रू, लग्नें इतर ज्यू समाजांत होऊं लागलेलीं. तेव्हां नातवंडांच्या तोंडीं मराठी किती उरेल, हें आजीच्या प्रेमावर अवलंबून नाहीं. त्या घरांत मराठीवांचून अडेल असें कांहीं काम शिल्लक राहतें कीं नाहीं, यावर तें ठरेल. मलिद्याचें ताट भरतांना म्हटलें जाणारें गाणें जोंवर मराठींत आहे, तोंवर असें एक काम तरी शिल्लक आहे.