जुनी व्हॅन, कुणाच्या नावावर?

‘मॅटाडोर’ म्हटलं की चाळिशी-पन्नाशीतल्या मैत्रिणींना काय काय आठवतं! लग्नाचं वऱ्हाड, टपावर बांधलेल्या वळकट्या, मागच्या दारात लटकलेले मामेभाऊ. बजाज टेम्पो कंपनीच्या आकुर्डीच्या कारखान्यातून ही गाडी १९६९ च्या सुमारास निघायला लागली. त्याआधी १९५८ मध्ये हीच कंपनी मुंबईत गोरेगावला तीनचाकी टेम्पो बनवत होती. ते नाव आपण असं उचललं की आजही कुठल्याही कंपनीची मालवाहू गाडी आपल्या तोंडी ‘टेम्पो’च. कंपनीनं २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण आपण काही शब्द बदलला नाही.

तिकडे जर्मनीत फोक्सवॅगननं १९५० मध्ये अशीच एक व्हॅन काढली. लोकांनी तिच्यात बिछाना घातला, शेगडी बसवली, पडदे लावले आणि बायकामुलांसकट देशोदेशी फिरले. ते फिरतं घर जगभर गाजलं. शेवटी २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये तिचं उत्पादन थांबलं. आता तिच्या जुन्या गाड्या हौशी लोक मोठ्या किमती देऊन घेतात. आपल्यासारख्यांनी तिचा फोटो बघावा आणि पान उलटावं.

पण मैत्रिणींनो, आपल्या खिशाला झेपणारी एक जुनी व्हॅन आपल्याकडेही आहे. मारुतीची ओम्नी! १९८४ मध्ये ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, १९८८ मध्ये ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये बंद पडली. सिनेमात तिनं जन्मभर माणसं पळवली. खऱ्या आयुष्यात मात्र शाळेची मुलं, लग्नाच्या जेवणाची पातेली आणि गावोगावचे पेशंट वाहिले. तिची दारं सरकती, त्यामुळे अरुंद गल्लीतही उघडतात. इंजिन ८०० सीसीच्या आतलं, म्हणून दुरुस्ती कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजात होते.

आमच्या लालबागच्या इमारतीत पाच जणींची भिशी आहे. महिना पंधराशे, वीस महिने. या वेळी नंबर काढायचाच नाही, सगळे दीड लाख एकरकमी साठवायचे आणि एक जुनी व्हॅन घ्यायची, असं ठरलं. हॉटेलच्या खोलीचं भाडं नको, कुणाच्या दिराच्या गाडीत जागा उरली तर जायचं हे नको. तुळजापूर म्हणा, गुहागर म्हणा, आपल्या वेळेनं निघावं आणि रात्री एखाद्या ओळखीच्या अंगणात गाडी लावून झोपावं. सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण ती तयार गाडी भाड्यानं घ्यायची तर आमची भिशी दोन-तीन सहलींतच संपली असती. पाचांपैकी तळमजल्यावरच्या वहिनी उत्तम गाडी चालवतात. चाळिशीनंतर लायसन्स काढलं त्यांनी.

गाडी शोधायला आम्ही दादर-परळची गॅरेजं पालथी घातली. परळच्या एका मेकॅनिककाकांना पाचशे रुपये देऊन सोबत घ्यायचो. या पाचशे रुपयांत अजिबात काटकसर करू नका. त्यांची पहिली अट अशी, की गाडीवाल्याला आधी फोन करून सांगायचं, इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं त्यावरून निम्मं कळतं. धूर निळसर आला तर ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला तर आत पाणी शिरतंय. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तेव्हा सीट उचलून बघायला लाजायचं नाही.

आणि गंज! मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला खातो. वरून रंग चकचकीत असतो, आत नुसती पुट्टी. काकांनी आम्हाला फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक घ्यायला लावलं. मऊ फडक्यात गुंडाळून ते दारांच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीला लावत जायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालची मॅट उचलून जमीनही बघायची. कारण हिंदमाताला पाणी तुंबलं की गाड्या बुडतात, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. बुडालेली गाडी वाळवून, अत्तर मारून विकायला येते. पण सीटच्या रुळांवरचा गंज आणि मॅटखालचा चिखल अत्तरानं जात नाही. तुमच्या गावात नदीला पूर येत असेल, तर हे आधी तपासा.

अशा सात गाड्या नापास झाल्या. आठवी मिळाली गिरगावातल्या एका वाडीत.

२०१३ चं पासिंग, पांढरी, मागच्या काचेवर फिकट झालेला गणपती. मालक लग्नामुंजीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेत. दीड वर्षापूर्वी ते गेले, तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली उभी. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो, साठीच्या. काकांनी गाडी तपासली आणि खूश झाले. पत्रा ठणठणीत, इंजिन ठीक, बॅटरी गेलेली, टायर कडक झालेले. मी कागद मागितले, तर आरसी अजून यजमानांच्याच नावावर.

मावशी म्हणाल्या, “एक एजंट येऊन गेला. पंचवीस हजार देतो म्हणाला, भंगार आहे म्हणून. फॉर्म कोरेच ठेवून गेलाय. यांच्या सहीचं तो बघून घेईल म्हणाला.”

गेलेल्या माणसाची सही ‘बघून घेणार’ म्हणजे काय, ते मला उलगडून सांगावं लागलं. ती खोटी सही ठरते आणि पुढे गाडीचं काही झालं की पोलीस विचारत येतात ते मावशींच्याच दारात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. मधे गाडी चार हात फिरली तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या माणसाची. कागद राहिले तर राहिले, असं म्हणून चालत नाही.

समाजकार्याच्या निमित्तानं मी हे घरोघर बघते. घर त्यांच्या नावावर, गॅस त्यांच्या नावावर, स्कूटर त्यांच्या नावावर. माणूस जातो आणि बाईच्या हातात किल्ली उरते, मालकी नाही. मग जो पहिला दारात येतो तो भाव ठरवतो. मालक वारले तर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची, असा नियम आहे. उशीर झाला तरी दंड भरून होतं, हक्क जात नाही. एवढी साधी गोष्ट मावशींना दीड वर्षात कुणी सांगितली नव्हती. दोन्ही मुलं परगावी, आणि शेजारी म्हणत होते, “विकून टाका, कशाला कटकट.”

आमच्यात एक जण म्हणाली, “आपण त्या एजंटाकडूनच घेऊ. तो चाळीसला देईल, आपले पैसे वाचतील.” खरंच वाचले असते. त्या रात्री जिन्यात बरंच बोलणं झालं, आवाज चढले. शेवटी तळमजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “खोट्या सहीची गाडी मी चालवू का?” तिथे विषय संपला.

मग मृत्यूचा दाखला, मुलांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, विमा, पीयूसी, असा गठ्ठा करून मी आणि मावशी ताडदेवच्या आरटीओत गेलो. सगळं मिळून दोन महिने लागले. नवी आरसी आली तेव्हा मावशींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. म्हणाल्या, “मालक म्हणून माझं नाव पहिल्यांदाच कुठल्या कागदावर आलं गं.” आणि लगेच, “आता विकू की नको, विचार करते.”

आमच्या पोटात गोळा! पण आम्ही गप्प बसलो. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. भाव त्यांनी स्वतः दोन गॅरेजांत विचारून ठरवला होता. ८५ हजार, एक पैसा कमी नाही.

आता नाव कुणाचं, हा प्रश्न आमच्या घरात आला. एकीचे यजमान म्हणाले, “माझं टाका, आरटीओत पुरुष माणूस असला की बरं पडतं.” मावशींची गोष्ट इतकी ताजी असताना हे कोण ऐकणार? मंडळ नोंदणीकृत असेल तर गाडी मंडळाच्या नावावर घेता येते, पण आमची तर साधी भिशी. म्हणून जी चालवते तिच्या, म्हणजे वहिनींच्या नावावर घेतली. पाच जणींच्या सह्यांचा करार केला. कुणाचा किती हिस्सा, कुणी बाहेर पडली तर पैसे कसे परत करायचे, सगळं लिहिलं. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचं नावही नोंदवता येतं, तेही केलं. तुमच्या घरातल्या गाडीवर ते आहे का, बघाच.

विकत घेतानाही गाडीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलनं दिसतात. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. गॅस किट बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. सीएनजीच्या टाकीची तर दर तीन वर्षांनी चाचणी लागते. पिवळ्या पाटीची गाडी स्वस्त दिसते, पण ती खासगी करून घेण्याचे सोपस्कार निराळे.

गाडी हाती आल्यावर हौस उफाळून आली. ओटा बसवू, कपाट ठोकू, टप उंच करू! इथे कायदा आडवा येतो. कंपनीनं बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम तेच सांगतं. म्हणून आम्ही खिळासुद्धा मारला नाही. ओम्नीची लांबी अकरा फूट, रुंदी साडेचार फुटांच्या जराशी वर. तिच्यापुढे आमची दहा बाय बाराची खोली म्हणजे बंगलाच की! पण त्याच खोलीत सात माणसं वाढली. दिवसा पलंगाखाली गाद्या, रात्री पलंगाखाली माणसं. चाळीतल्या बाईला फिरत्या घराची विद्या वेगळी शिकवावी लागत नाही.

प्लायचे तीन तुकडे काथ्यानं जोडले, सीट दुमडली की वर पसरायचे. त्यावर फोमची गादी. खाली दोन लोखंडी पेट्या, एकीत भांडी, एकीत कपडे, आणि धावताना त्या पट्ट्यानं बांधायच्या. दादरच्या फुटपाथवरून जाड कापड घेऊन पडदे शिवले, हुकांवर अडकवायचे. आत दोघी झोपतात, तिघी बाहेर तंबूत. शेगडी मात्र गाडीत पेटवायची नाही, कधीच नाही, पाऊस असला तरी. बंद जागेत गॅस साठतो तो वास न देताही जीव घेतो. झोपताना काचा दोन बोटं उघड्या आणि मच्छरदाणी.

हिशेब सांगते. गाडी ८५ हजार. इंजिन, ब्रेक, बॅटरी आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या, १४ हजार. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला बाधू शकतं, म्हणून काकांनी नळ्या बदलल्याच. चार टायर ११ हजार २००. थोडं पत्राकाम ९ हजार. विमा, आरटीओ आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट ८ हजार. गादी, प्लाय, पडदे, साडेसहा हजार. एकूण एक लाख ३३ हजार ७००. उरलेले १६ हजार ३०० मोडायचे नाहीत, ते बँकेत आहेत. २०२८ मध्ये पंधरा वर्षं पुरी होतील, तेव्हा फिटनेस तपासणी, पाच हजारांची नूतनीकरण फी आणि वर पर्यावरण कर भरायचाय.

पहिली खेप गुहागरची झाली. महामार्गावर सगळे आम्हाला मागे टाकून गेले, जाऊ देत. कशेडीला आता बोगदा आहे, पण पुढच्या चढांवर सामान भरलेली ओम्नी दुसऱ्या गिअरवर धापा टाकते. दर दोन तासांनी तिला आणि आमच्या कमरांना विश्रांती.

जागेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. लालबागमध्ये गणपतीत पाय ठेवायला जागा नसते, तिथे गाडी कुठे लावणार? मावशींनी सुचवलंय, त्या दिवसांत पुन्हा वाडीत आणून लावा, ताडपत्री मी ठेवलीय जपून. भाडं म्हणून त्यांनी मागितलंय पुढच्या खेपेला पुढची सीट, खिडकीजवळची.