पहिली निवड कोणाची ?

सन २००७ च्या मे महिन्याच्या २२ तारखेस अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत, सिकॉकस या गांवीं, एक सोडत निघाली. तीत पैसा वांटावयाचा नव्हता कीं जमीन. त्या वर्षीं धंदेवाईक बास्केटबॉलमध्यें येऊं पाहणाऱ्या तरुण खेळाडूंतून पहिला खेळाडू कोणत्या संघानें निवडावा, एवढेंच तीवरून ठरावयाचें होतें. सोडत ऑरेगॉन संस्थानांतील पोर्टलंड शहराच्या संघाच्या नांवें निघाली. प्रत्यक्ष निवड २८ जूनला न्यू यॉर्क येथें व्हावयाची होती. मधल्या सदतीस दिवसांत त्या शहरांतील क्रीडाप्रेमी माणसांना एकाच वादानें घेरलें : ग्रेग ओडन कीं केव्हिन ड्युरँट ?

वरवर पाहतां हा वाद करमणुकीचा आहे. परंतु विद्यार्थी निवडणारी शिक्षणसंस्था, नोकर नेमणारी पेढी किंवा शिष्यवृत्ति देणारें मंडळ यांच्यापुढेंहि मूळ प्रश्न हाच असतो. एकोणीस वर्षांच्या मुलाचें थोडेंसें कर्तृत्व पाहून त्याच्या पुढच्या पंधरा वर्षांविषयीं आजच निर्णय द्यावयाचा असतो. तो कसा द्यावा, आणि दिल्यावर त्याची पारख कशावरून करावी, हें पोर्टलंडच्या उदाहरणावरून चांगलें समजतें.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें काढला. प्रत्येक बाजूस पांच गडी, जमिनीपासून दहा फूट उंचीवर एक कडें, आणि त्यांतून चेंडू टाकणें हें ध्येय. कडें उंचावर असल्यामुळें उंच माणसाचें महत्त्व या खेळांत मुळापासूनच आहे. शिवाय गडी पांचच असल्यामुळें एका असामान्य खेळाडूनें संघाचें दैव पालटूं शकतें. क्रिकेटच्या अकरांत एकाचा भार जितका पडतो, त्याहून पांचांत एकाचा भार साहजिकच अधिक पडतो. म्हणून पहिल्या निवडीला एवढें मोल !

नवे खेळाडू संघांत घेण्याची अमेरिकेंतील रीतहि समजून घेतली पाहिजे. भारतांतील आय. पी. एल. क्रिकेटमध्यें खेळाडूंचा लिलाव होतो; जो संघ अधिक बोली करील त्याला खेळाडू मिळतो. अमेरिकेंतील राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेंत, म्हणजे एन. बी. ए. मध्यें, संघ पाळीपाळीनें एकेक नांव घेतात, आणि दुबळ्या संघांना ही पाळी आधीं मिळते. या पद्धतीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. बलवानांनीं सदैव बलवान राहूं नये, हा तिचा हेतु. परंतु हरणाऱ्यास बक्षीस ठेवलें कीं मुद्दाम हरण्याचा मोह उत्पन्न होतो. १९६६ पासून १९८४ पर्यंत तळच्या दोन संघांमध्यें नाणें उडवून पहिली पाळी ठरवीत. १९८५ पासून त्या जागीं सोडत आली. २००७ सालच्या व्यवस्थेंत चौदा चेंडूंतून चार काढीत, आणि त्यांच्या एक हजार जुळण्या मागें राहिलेल्या संघांना वांटून दिलेल्या असत. सर्वांत दुबळ्या मेंफिसच्या संघाकडे अडीचशें जुळण्या होत्या. ८२ पैकीं ३२ सामने जिंकणाऱ्या पोर्टलंडकडे अवघ्या त्रेपन्न. तरी दैवानें कौल पोर्टलंडला दिला, दुसरी पाळी सिॲटलला गेली, आणि मेंफिस चौथ्या पाळीवर जाऊन बसलें.

आतां ते दोन तरुण. शाळा सुटल्यावर एक वर्ष गेल्याखेरीज व वयाचें एकोणिसावें वर्ष त्या सालांत पुरें होत असल्याखेरीज कोणासहि निवडतां येणार नाहीं, असा नियम २००६ च्या निवडीपासून लागू झाला होता. त्यामुळें दोघांनीं विद्यापीठांत एकेकच हंगाम काढला होता, आणि पारख करणाऱ्यांच्या हातीं तेथील तिसाहून थोडे अधिक सामने होते. ओडन हा ओहायो स्टेट विद्यापीठाचा, सात फूट उंचीचा, भरदार अंगाचा. सामन्यागणिक त्याचे सरासरीनें १५.७ गुण होत. परंतु त्याची खरी किंमत बचावांत होती. कड्याखालीं तो उभा राहिला कीं प्रतिपक्षाला तेथें शिरण्याची छाती होत नसे. सामन्यागणिक तीनाहून अधिक फेंकी तो हवेंतच अडवी. हंगामापूर्वीं उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाल्यामुळें आरंभींचे सामने त्याला मुकावे लागले, आणि खेळूं लागल्यावरहि कित्येक दिवस दंडाच्या मोकळ्या फेंकी त्याला डाव्या हातानें टाकाव्या लागल्या. तरी त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. तेथें फ्लोरिडानें त्याला हरविलें. पण त्या पराभवांतहि ओडनचे स्वतःचे २५ गुण होते.

ड्युरँट हा टेक्सास विद्यापीठाचा. उंची सहा फूट नऊ इंच, बाहूंचा विस्तार सात फुटांहून अधिक, आणि अंगकाठी मात्र वेतासारखी सडपातळ. त्यानें सामन्यागणिक सरासरीनें २५.८ गुण मिळविले आणि अकरा वेळां कड्यावरून परतलेला चेंडू हस्तगत केला. वर्षांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूस मिळणारा नेस्मिथ पुरस्कार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला तोंपर्यंत कधींच मिळाला नव्हता; तो त्यानें मिळविला. उंच माणसाची उंची आणि ठेंगण्या माणसाचें हस्तकौशल्य एकाच ठिकाणीं असणें, हें त्याचें वैशिष्ट्य होतें.

ओडनच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, गुण मिळविणारे खेळाडू दरवर्षीं निघतात. कड्याखालचा खरा आधारस्तंभ, ज्याला ‘सेंटर’ म्हणतात, तो पिढींत एखादाच निघतो. पोर्टलंडनें आपलें एकमेव अजिंक्यपद १९७७ सालीं मिळविलें, तें १९७४ च्या पहिल्या पाळीनें निवडलेल्या बिल वॉल्टन या सेंटरच्या बळावर. शिवाय संघांत ब्रँडन रॉय व लामार्कस आल्ड्रिज हे दोन होतकरू खेळाडू आधींच आलेले होते. उणीव होती ती कड्याच्या रक्षकाची. ड्युरँटचा पक्ष म्हणे कीं, असें कौशल्य या वयांत पूर्वीं पाहिलेंच नाहीं. जागा कोणती रिकामी आहे हें नंतर पाहावें, आधीं माणूस पाहावा. त्यावर प्रतिपक्ष एका परीक्षेकडे बोट दाखवी. निवडीपूर्वींच्या शारीरिक चांचणींत त्या वेळीं १८५ पौंडांचें वजन उताणें पडून वर उचलावयाचें असे; तें ड्युरँटला एकदांहि उचलतां आलें नव्हतें. असला अशक्त मुलगा मल्लांसारख्या गड्यांत कसा टिकणार, हा प्रश्न पुष्कळांना बिनतोड वाटला. बहुसंख्य जाणत्यांचें मत ओडनकडे झुकलेलें होतें.

या वादावर पोर्टलंडमध्यें एका जुन्या आठवणीची छायाहि होती. १९८४ सालीं नाण्याचा कौल ह्यूस्टनकडे गेला आणि पोर्टलंडकडे दुसरी पाळी आली. ह्यूस्टननें लागोसहून आलेल्या हकीम ओलाजुवॉन या सेंटरला निवडलें. पोर्टलंडलाहि सेंटरच हवा होता. चपळ फेंकी खेळाडूंच्या जागीं क्लाइड ड्रेक्सलर व जिम पॅक्सन असल्यामुळें ती जागा भरलेली होती. म्हणून त्यांनीं सात फूट एक इंच उंचीच्या सॅम बोवीला घेतलें. पायाच्या नडगीच्या दुखण्यानें विद्यापीठांतील दोन हंगाम तो खेळूं शकला नव्हता, हें माहीत असतांनाहि घेतलें. तिसऱ्या पाळीवरील शिकागोच्या वांट्यास जो उरला, त्याचें नांव मायकेल जॉर्डन. बोवी पांच वर्षांत पोर्टलंडसाठीं १३९ सामने खेळला. जॉर्डननें शिकागोला सहा अजिंक्यपदें मिळवून दिलीं; त्यांतील १९९२ चें पद तर अंतिम फेरींत पोर्टलंडलाच हरवून मिळविलें.

२८ जून २००७ रोजीं पोर्टलंडनें ओडनचें नांव घेतलें, आणि सिॲटलनें ड्युरँटचें. पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. पहिला सामना खेळण्यापूर्वींच, सप्टेंबरांत, ओडनच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. सांध्यांतील कूर्चा झिजली असतां खालच्या हाडास बारीक छिद्रें पाडतात. त्यांतून येणाऱ्या रक्तापासून नवी कूर्चा धरते, पण ती मूळच्याइतकी टिकाऊ नसते. पहिला हंगाम असा गेला. दुसऱ्यांत तो ६१ सामने खेळला. तिसऱ्यांत एकवीस, आणि ५ डिसेंबर २००९ रोजीं डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. मार्च २०१२ मध्यें पोर्टलंडनें त्याला मुक्त केलें. पोर्टलंडसाठीं तो एकंदर ८२ सामने खेळला. म्हणजे पांच वर्षांत बरोबर एका हंगामाइतके. ड्युरँट २००८ सालीं नवोदितांत पहिला ठरला, चार वेळां सर्वाधिक गुणांचा मान त्यानें मिळविला आणि २०१४ सालीं तो वर्षांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू झाला. वजनाच्या परीक्षेंत जें उचलतां आलें नाहीं, त्यावांचून त्याचें कांहींच अडलें नाहीं. ती परीक्षा बाहुबळ मोजीत होती. त्याचा खेळ दुरून आणि वरून चालत असे.

मग पोर्टलंडची निवड चुकली, असें म्हणावयाचें काय ? येथें दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत : निर्णय योग्य होता काय, आणि फळ चांगलें आलें काय. १९८४ च्या निर्णयांत दोष होता, आणि तो त्याच दिवशीं दिसण्याजोगा होता. रिकाम्या जागेकडे पाहून माणूस निवडला गेला, आणि दुखण्याचा इतिहास डोळ्यांपुढें असतां तो कमी लेखला गेला. ह्यूस्टननेंहि सेंटरच निवडला होता. परंतु ओलाजुवॉननें त्यांना १९९४ व १९९५ सालीं अजिंक्यपद मिळवून दिलें. तेव्हां उंच माणूस निवडणें ही चूक नव्हती. २००७ सालीं पोर्टलंडनें ओडनला केवळ जागा भरण्यासाठीं घेतलें नव्हतें. तोच श्रेष्ठ, असें जाणत्यांचें सर्वसाधारण मत होतें. त्यांत सावध माणसास एकच शंका घेतां आली असती. दुरून टाकलेल्या फेंकीस तीन गुण देण्याचा नियम १९७९ सालीं आला होता; बाहेरच्या बाजूस खेळणाऱ्याच्या अंगाला हात लावून त्याला रोखण्यावर २००४ पासून कडक नजर ठेवली जाऊं लागली होती. खेळ कड्याखालून हळूहळू बाहेर सरकत होता. म्हणजे पोर्टलंडनें मागील तीस वर्षांच्या अनुभवाचा कौल घेतला, आणि पुढील वीस वर्षांचा खेळ निराळा होणार होता.

फळाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. ड्युरँटला निवडणारा सिॲटलचा संघ २००८ सालीं ओक्लाहोमा सिटीस गेला. तेथें त्यानें २०१२ सालीं संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलें. पण अजिंक्यपद मिळालें तें २०१७ व २०१८ सालीं, गोल्डन स्टेट या दुसऱ्याच संघांत गेल्यावर. ज्यांनीं ‘बरोबर’ निवडलें त्यांनाहि ड्युरँटच्या हातून तें पद मिळालें नाहीं. इकडे पोर्टलंडच्या रॉयनेंहि २०११ च्या डिसेंबरांत गुडघ्यांच्या दुखण्यामुळेंच निवृत्ति जाहीर केली. ड्युरँट आला असता तरी त्या संघाचें दैव उजळलेंच असतें, असें खात्रीनें कोणास सांगतां येईल ?

वाद करणारे पुढें दुसऱ्या वादाकडे वळतात. निर्णय देणारे दुसरी नोकरी पाहतात. निवडलेल्या मुलाच्या नांवाला मात्र तो निर्णय कायमचा चिकटतो. बोवी दहा हंगाम खेळला, तरी लोकांच्या स्मरणांत तो राहिला ‘जॉर्डनच्या आधीं निवडलेला’ म्हणूनच. ओडननें कोणास आपली निवड करा असें बजावलें नव्हतें, आणि गुडघ्याची कूर्चा झिजणें हा त्याचा अपराध नव्हता. निवड करणाऱ्यानें आपली चूक आपल्याकडे घ्यावी आणि दैवाचा भाग दैवाकडे सोडावा. दोहोंचें ओझें त्या मुलाच्या खांद्यावर टाकूं नये. ओडन पुढें आपल्या विद्यापीठांत परत गेला, आणि बारा वर्षांपूर्वीं एका हंगामानंतर सोडलेला अभ्यास पुरा करून २०१९ सालीं पदवीधर झाला. त्या निवडीसाठीं मात्र त्याला कोणाची पाळी येण्याची वाट पाहावी लागली नाहीं.